अवकाशातून वीज आली तर कोयनेचं पाणी पूर्वेला वळेल का?

वारणाकाठ | रविवार, सकाळी १०:१५

संध्याकाळी सातच्या सुमाराला अख्खा महाराष्ट्र एकदम बटणं दाबतो. सौर पॅनेल तोवर झोपलेली असतात. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात असतात, पण हिवाळ्यात त्यांचा भरवसा नाही. अशा वेळी कोयनेचे संच चालवावे लागतात. ते पाणी बोगद्यांतून घाटाखाली पोफळीकडे उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. इकडे माण, खटाव, आटपाडी, जत कोरडे. धरणाची क्षमता १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने घातलेली मर्यादा ६७.५ टीएमसी. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी विजेपायी सह्याद्री ओलांडून जाऊ शकतं.

सूर्य मावळल्यावरची वीज दुसरीकडून मिळाली, तर हे पाणी आपल्याला मागता येईल का? माझ्या डोक्यात हा प्रश्न बरीच वर्षं आहे. मी अँटेना आणि मायक्रोवेव्हच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस, मूळचा शिराळ्याकडचा. म्हणून ज्या विषयाची मला खरी ओढ आहे तो आज इथे मांडतो: अवकाशात सौर ऊर्जा गोळा करून ती बिनतारी पृथ्वीवर पाठवणं.

कल्पना जुनी आहे. पीटर ग्लेझर या अभियंत्याने १९६८ मध्ये ती 'सायन्स'मध्ये नीट आराखड्यासकट मांडली आणि १९७३ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी दिसतो. आपल्या डीटीएचच्या छत्र्या तशाच उपग्रहांकडे तोंड करून असतात. तिथे ढग नाहीत, धूळ नाही, आणि रात्र जवळजवळ नाहीच. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे काही आठवडे मध्यरात्रीच्या सुमाराला उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो, तोही जास्तीत जास्त सव्वा तासाच्या आत बाहेर येतो. बाकी वर्षभर प्रत्येक चौरस मीटरवर १,३६१ वॅट ऊन.

तिथल्या पॅनेलांची वीज मायक्रोवेव्हमध्ये बदलायची, मोठ्या अँटेनाने खाली सोडायची, आणि जमिनीवर रेक्टेना नावाच्या जाळीने पकडून पुन्हा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करायची. यातलं बिनतारी पाठवणं आता प्रयोगशाळेतलं स्वप्न राहिलेलं नाही. विल्यम ब्राऊन यांनी १९६४ मध्ये मायक्रोवेव्हच्या झोतावर छोटं हेलिकॉप्टर तरंगत ठेवून दाखवलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला सुमारे दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटपेक्षा जास्त वीज पोहोचवली गेली, आणि रेक्टेनावर पडलेल्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांहून जास्त डीसी होऊन बाहेर आली. जपानने २०१५ मध्ये ५५ मीटरवर १.८ किलोवॅट आणि त्याच सुमारास ५०० मीटरवर १० किलोवॅट पाठवून पाहिले. आणि २०२३ मध्ये कॅलटेकने प्रत्यक्ष कक्षेतून झोत सोडला. जानेवारीत उपग्रह गेला, मे महिन्यात पॅसाडेनातल्या त्यांच्याच इमारतीच्या गच्चीवर तो संकेत पकडला. ऊर्जा अगदीच नगण्य होती, पण दिशा धरता आली, हे माझ्या दृष्टीने फार मोठं.

आपल्याकडे डॉ. कलाम यांनी हा विषय मनापासून लावून धरला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल स्पेस सोसायटीबरोबर त्यांनी यासाठी एक संयुक्त उपक्रमही जाहीर केला होता.

तुमच्या शंका, विरोध, हिशेब सगळं येऊ द्या.

माणदेशी_माती | रविवार, दुपारी १:०२

दादा, विषय आवडला. आमच्याकडं आठवड्याच्या पाळीनं लाईट असती. रात्रपाळी आली की बॅटरी हातात घेऊन दारं धरायला जायचं, उसाच्या कडंनं जाताना बिबट्याची भीती वेगळीच. त्यामुळं दिवस असो रात्र असो, सारखी वीज मिळणार असंल तर कुणाला नको?

पण तीन गोष्टी सांगा. एक, वरनं येणारा झोत खाली माणसं-जनावरं भाजून काढणार नाही ना? द्राक्षाच्या बागा हायत, मधमाश्या हायत, पाखरं हायत. दुसरं, पावसात चालंल का? तिसरं, आमच्या गावापुरता लहान उपग्रह बसवता येईल का, म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांच्या मागं लागायला नको.

वारणाकाठ | रविवार, दुपारी ३:४०

तिन्ही प्रश्न मुळाला हात घालणारे आहेत. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्यातच बाकीच्यांची उत्तरं दडलेली आहेत.

गावापुरता उपग्रह होत नाही. यात पैशाचा संबंध नाही, लहरींचा स्वभावच तसा. झोत किती पसरणार हे दोन गोष्टींवर ठरतं: लहरीची लांबी आणि पाठवणाऱ्या अँटेनाचा व्यास. २.४५ गिगाहर्ट्झला लहर सुमारे १२ सेंटीमीटरची. अँटेना एक किलोमीटर व्यासाची असली तरी ३६,००० किलोमीटरवर तिचा झोत दहा किलोमीटरचा होतो. अँटेना दहापट लहान केली तर झोत दहापट रुंद, म्हणजे शंभर किलोमीटर! मग साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळीकडे चिमूटचिमूट ऊर्जा पडेल आणि कुणालाच उपयोग होणार नाही. भूस्थिर कक्षेतून करायचं तर मोठंच करावं लागतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने केलेल्या अभ्यासात एक उपग्रह ५,००० मेगावॅटचा धरला होता तो यामुळेच.

आता भाजण्याचं. त्या आराखड्यात झोताच्या मधोमध प्रत्येक चौरस मीटरवर २३० वॅट पडतात. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण हजार वॅट पडतात. म्हणजे मध्यभागीही उन्हाच्या पाव हिस्सा. तरी मायक्रोवेव्ह अंगात खोलवर जाते, म्हणून तिथे माणसाने रोज वावरू नये, कुंपण हवंच. कडेला पोहोचेपर्यंत तीव्रता १० वॅटवर येते, आणि सर्वसामान्य लोकांसाठी या लहरींची आंतरराष्ट्रीय मर्यादाही १० वॅटच आहे. पाखरं झोतातून उडत जातील; तेवढ्या वेळात भाजण्याइतकी ऊर्जा नसते. पण जाळीवर घरटी करून राहणाऱ्या पाखरांवर आणि मधमाश्यांवर काय परिणाम होईल हे वर्षानुवर्षं मोजूनच ठरवायला हवं, आणि बागाईतदारांनी ती मागणी पहिल्या दिवसापासून करायला हवी.

झोत भरकटला तर? ही भीती सगळ्यात जास्त असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरची अँटेना म्हणजे एक तबकडी नसते, लाखो छोट्या अँटेना असतात. खाली रेक्टेनाच्या मधोमधून एक मार्गदर्शक संकेत वर जातो आणि प्रत्येक छोटी अँटेना त्या संकेताला धरून आपली लहर सोडते. दिंडीत सगळे वारकरी एका टाळाच्या ठेक्यावर पावली टाकतात, तसं. ठेका आहे तोवर सगळ्या लहरी एकाच जागी एकवटतात. संकेत तुटला की प्रत्येकीची लय वेगळी होते, झोत आपोआप विस्कटतो आणि खाली पोहोचणारी तीव्रता नगण्य होते. झोत दुसऱ्या शहरावर रोखायचा तर त्या शहरातून तसा संकेत यायला हवा.

पाऊस: २.४५ किंवा ५.८ गिगाहर्ट्झला पाऊस आणि ढग जेमतेम अडवतात. महाबळेश्वर-पाटणच्या धो धो पावसातही झोत उतरेल. लेसरने पाठवायच्या योजनाही आहेत, त्यांना झोत बारीक ठेवता येतो, लहान प्रकल्पही करता येतात, पण आपल्या पावसाळ्यातले चार महिने त्या ढगांखाली आंधळ्या होणार.

मिरजेची_स्नेहल | रविवार, संध्याकाळी ७:२१

खूप छान माहिती सर. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे वाचून ठेवल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून दुपारी घरीच करून पाहिलं. तांब्याच्या तारेचे दोन तुकडे, प्रत्येकी तीन सेंटीमीटर, सरळ रेषेत. मध्ये एक शॉटकी डायोड डाग दिला, त्याच्या दोन टोकांना मल्टीमीटर. वायफायच्या राउटरच्या अगदी अँटेनाजवळ धरलं की आकडा वर सरकतो. तार आडवी केली की पडतो, उभी केली की परत चढतो. हातभर लांब नेलं की काहीच उरत नाही. मैत्रिणीने फोनवर व्हिडिओ लावला तेव्हा आकडा जास्त वेळ टिकून राहिला, कारण राउटर सतत पाठवत होता.

हीच रेक्टेना ना? फक्त अशा कोट्यवधी?

वारणाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:५०

हीच! रेक्टेना म्हणजे अँटेना आणि रेक्टिफायर, म्हणजे लहरीची डीसी करणारा भाग. तार आडवी-उभी केल्यावर जे पाहिलंस ते ध्रुवीकरण, म्हणजे लहर कोणत्या दिशेत कंप पावते ते. मोठ्या प्रकल्पातही पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं ते जुळावंच लागतं. फार छान केलंस.

हिशेबनीस | रविवार, रात्री ९:३३

विज्ञानाला माझा विरोध नाही, पण आकडे मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नासाच्याच एका विभागाने जानेवारी २०२४ मध्ये अहवाल दिला. २,००० मेगावॅट जमिनीवर पोहोचवणारे दोन आराखडे घेतले. हलक्या आराखड्याचं वजन सुमारे ५,९०० टन. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४२० टनांचं आहे आणि त्याची मुख्य जुळणी १९९८ ते २०११ चालली. म्हणजे तशी चौदा स्थानकं, तीही कितीतरी उंच कक्षेत. विजेचा दर त्यांनी काढला तो एका आराखड्याला युनिटमागे ०.६१ डॉलर आणि दुसऱ्याला १.५९ डॉलर. आपल्या रुपयांत साधारण ५० आणि १३०. जमिनीवरच्या अपारंपरिक विजेच्या तुलनेत १२ ते ८० पट महाग. आपल्याकडे मोठ्या सौर प्रकल्पांची वीज लिलावात अडीच-तीन रुपयांना मिळते.

त्याच अहवालात असंही आहे की प्रक्षेपण स्वस्त झालं, यंत्रं जास्त टिकली, उत्पादन मोठ्या प्रमाणावर झालं अशी सगळी अनुकूल गृहीतकं एकत्र धरली, तर दर स्पर्धेत येऊ शकतो. पण सगळी दानं एकाच वेळी मनासारखी पडायला हवीत, आणि तोवर बॅटऱ्या जागेवर थांबणार नाहीत, त्याही स्वस्त होत जाणार. जतच्या माणसाला आज पाणी हवंय. त्याला २०५० सालचं चित्र दाखवणं मला पटत नाही.

पठारावरचा | सोमवार, सकाळी ६:४८

मी पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे. रात्रपाळी संपवून लिहितोय.

माझा मुद्दा दुरुस्तीचा. आमच्याकडे ऐन पावसाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त वीज मिळायची, तेव्हाच यंत्रं बंद पडतात. धुक्यात दोन हातांवरचं दिसत नाही, टॉवरच्या आतली शिडी घामेजलेली असते, पट्टा अडकवत अडकवत वर जायचं. कधी नुसता एक सेन्सर गेलेला असतो. शंभर रुपयांच्या वस्तूपायी मोठं धूड उभं राहतं. बोल्ट तर ठरलेल्या वेळी टॉर्क रेंचने तपासावेच लागतात, कंपनांनी ते सैल होतातच.

तिथे वारा नाही, गंज नाही, मान्य. पण किरणोत्साराने पॅनेल हळूहळू मरतात, सूक्ष्म दगड आणि कचरा आदळतो, सावलीत गेल्यावर तापमान झपाट्याने पडतं आणि बाहेर आल्यावर चढतं. शिवाय हवा नसल्याने इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता वाऱ्यावर सोडता येत नाही, ती नुसती प्रारणानेच बाहेर टाकायची. हे सगळं यंत्रमानवांनी सांभाळायचं. ज्याने रोज दुरुस्ती केली आहे त्याला या कामाचं वजन कळतं. कॅलटेकवाल्यांनी एकच अगडबंब सांगाडा न करता छोट्या, सारख्या, एकमेकांवर न अवलंबणाऱ्या तुकड्यांची रचना घेतली आहे, ती मला म्हणूनच बरोबर वाटते. एक तुकडा मेला तर बाकीचे चालू राहतात.

शिवसागर | सोमवार, दुपारी १२:१०

वाचतेय कालपासून. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजी नव्या गावात आयुष्य काढूनही 'आमच्याकडं' म्हणाली की जुन्याच गावाबद्दल बोलायची. त्या वेळी दिलेले कित्येक शब्द पुढच्या पिढ्यांपर्यंत तसेच राहिले. त्यामुळे मोठा प्रकल्प म्हटला की मी पहिल्यांदा जमीन विचारते.

दहा किलोमीटरची जाळी कुठे टाकणार? किती एकर? कुणाची?

वारणाकाठ | सोमवार, दुपारी २:२५

ताई, हा प्रश्न पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

उपग्रह आपल्याच रेखांशावर असेल तर सांगलीहून तो क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश वर दिसतो, म्हणजे डोक्यावरच म्हणा. युरोपात तो खाली झुकलेला असतो म्हणून तिथे झोताचा डाग लांबट होतो. आपल्याकडे तो जवळपास गोल, साधारण १० गुणिले १०.६ किलोमीटर. क्षेत्रफळ ८३ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वीस हजार एकर. वर आणखी सुरक्षेचा पट्टा. ५,००० मेगावॅटसाठी.

तेवढेच मेगावॅट सौर पॅनेलचे बसवायचे तर मेगावॅटला चार-पाच एकर धरून वीस-पंचवीस हजार एकर लागतात. जमीन जवळपास तेवढीच. पण पॅनेलची वर्षाची सरासरी त्यांच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते, रेक्टेना मात्र दिवसरात्र चालते. म्हणजे एकराला वीज चार-पाचपट.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पॅनेल ऊन अडवतं. रेक्टेना ही तारांची विरळ जाळी असते, ऊन आणि पाऊस बराचसा खाली उतरतो आणि मायक्रोवेव्ह वरच अडते. खाली पीक घेता येईल असं अगदी जुन्या अभ्यासांपासून मांडलं गेलं आहे. जतच्या माळावर खाली ज्वारी, वर जाळी. तिथे काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम मात्र कडक लागतील.

पण वीस हजार एकर सलग, ओसाड आणि वस्ती नसलेले, असे आपल्या दोन जिल्ह्यांत सहज सापडणार नाहीत. माळ ओसाड दिसतो, तिथेही मेंढपाळांच्या वाटा असतात. हे मला मान्य आहे.

तारांगण | सोमवार, दुपारी ४:०५

एक मुद्दा कुणी घेतला नाही. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. ती १.४ गिगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकते. झोत २.४५ वर असला तरी इतक्या प्रचंड शक्तीच्या पाठवणाऱ्याकडून आजूबाजूच्या कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) थोडा जरी गोंगाट सांडला, तरी आकाशगंगांचे क्षीण संकेत बुडून जातील. त्या दुर्बिणीसमोर चंद्रावर ठेवलेला मोबाइलसुद्धा ठळक दिसावा इतके ते संकेत बारीक असतात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञांचा आक्षेप विजेच्या विरोधातला नाही, गाळणी नीट लावण्याबद्दलचा आहे, आणि ती गाळणी वजन वाढवते, म्हणजे खर्च वाढवते.

टप्पा_चार | सोमवार, रात्री ८:३०

कोयनेच्या वीजगृहात नोकरी करून निवृत्त झालो. धाग्याच्या नावातच कोयना आहे म्हणून सविस्तर लिहितो.

कोयना १,९६० मेगावॅटची. हिशेबनीस यांनी सांगितलेला उपग्रह २,००० मेगावॅटचा. आकडे सारखे दिसतात, पण दोन्हींचा धर्म वेगळा. आमच्याकडे १,९६० मेगावॅट सतत चालवायला पाणीच नाही. घाटाखाली सोडलेल्या एक टीएमसी पाण्यापासून सगळे टप्पे मिळून चार-साडेचार कोटी युनिट मिळतात. ६७.५ टीएमसीचे वर्षाला साधारण ३०० कोटी युनिट झाले. २,००० मेगावॅटचा उपग्रह नव्वद टक्के वेळ चालला तर दीड हजार कोटींच्या वर जाईल. म्हणजे पाच कोयना.

आता वारणाकाठ यांच्या मूळ प्रश्नाचा हिशेब करू. समजा २० टीएमसी पाणी पश्चिमेला न सोडता धरणाच्या पायथ्यातून सोडलं. तिथे ४० मेगावॅटचं पायथा वीजगृह आहे, ते पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजना ते उचलतात. पायथ्याशी एका टीएमसीला जेमतेम अर्धा कोटी युनिट मिळतात. म्हणजे २० टीएमसीमागे ७०-८० कोटी युनिट गमावले. पुढे उपसा. एक टीएमसी शंभर मीटर उचलायला पंपांची कार्यक्षमता धरून एक कोटी युनिट लागतात. टप्प्याटप्प्याने तीनशे मीटर उचललं तर २० टीएमसीला ६० कोटी. एकूण १४० कोटी युनिट. एका उपग्रहाच्या वर्षाच्या विजेचा दहावा हिस्सासुद्धा नाही.

ऐकायला फार छान वाटतं. पण कोयनेची किंमत युनिटांत नाही, वेळेत आहे. कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून निरोप आला की काही मिनिटांत संच फिरवून जाळ्याला जोडायचा, शे-दीडशे मेगावॅट हातात. मागणी उतरली की बंद. उपग्रहाची वीज चोवीस तास सारखी येणार. संध्याकाळच्या मागणीचा उंचवटा तिच्याने भरत नाही, तो तसाच वर राहतो. मध्यरात्री नको असलेली वीज कुठे घालायची हाही प्रश्न. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे, रात्री स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि दिवसा खाली सोडायचं. तसलं काहीतरी इथेही जोडीला लागेल.

हिशेबनीस | सोमवार, रात्री ९:१५

काका, तुमचा हिशेब मी पैशात मांडतो. १४० कोटी युनिट ५० रुपयांनी ७,००० कोटी रुपये, दर वर्षाला. तीन रुपयांनी ४२० कोटी.

आणि त्यात एक गोष्ट उघड दिसते. पाणी उचलायचं काम रात्रीच करायला हवं असं कुठे आहे? ६० कोटी युनिट उपशाचे आहेत, ते भर दुपारी जमिनीवरच्या सौर विजेने होतील. कालव्यात पाणी दुपारी पडलं काय आणि रात्री पडलं काय. माणदेशी_माती यांच्या रात्रपाळीलाही तोच उपाय: गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आणि शेतीच्या फीडरला दिवसा थ्री फेज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा गाभा तोच आहे. राहिला प्रश्न फक्त संध्याकाळच्या तीन-चार तासांचा. तेवढ्यापुरत्या बॅटऱ्या किंवा उदंचन.

माणदेशी_माती | सोमवार, रात्री ९:४०

+१. दिवसा लाईट मिळाली तर आमचा निम्मा प्रश्न मिटला. बिबट्याचाबी.

वारणाकाठ | सोमवार, रात्री १०:५५

हिशेबनीस, दिवसाच्या उपशाबद्दल पूर्ण सहमत. ते आजच व्हायला हवं, त्यासाठी आकाशाकडे बघत बसायचं कारण नाही.

पण संध्याकाळच्या उंचवट्याबद्दल काकांना एक सांगतो, कारण इथेच या तंत्राची खरी ताकद आहे. झोत यांत्रिकपणे वळवायचा नसतो, लहरींची लय बदलून वळवतात. त्यामुळे एकच उपग्रह वेगवेगळ्या देशांतल्या रेक्टेनांना आळीपाळीने वीज देऊ शकतो. आपल्या रेखांशावरच्या उपग्रहाला पूर्वेला थायलंड-व्हिएतनाम दिसतात, पश्चिमेला आखाती देश. संध्याकाळ आधी तिकडे होते, मग आपल्याकडे, मग आखातात. प्रत्येकाचे सात वेगवेगळ्या वेळी वाजतात. झोत त्या सातांबरोबर सरकत गेला, तर उपग्रह बरेच तास कुणाच्या तरी उंचवट्यावर चालेल, आणि उंचवट्याच्या विजेला भावही जास्त मिळतो. पन्नास रुपयांचं गणित त्याने लगेच सुटत नाही, मलाही ते दिसतं. पण बॅटरीशी तुलना करताना नुसता सरासरी दर धरून चालणार नाही. पावसाळ्यात आठवडाभर सूर्य दिसत नाही, तेव्हा चार तासांची बॅटरी भरणारच कशाने?

म्हणून मला वाटतं संशोधन थांबू नये. युरोपच्या अवकाश संस्थेने सोलारिस नावाने अभ्यास केला, चीनमध्ये शिदियान विद्यापीठाने ७५ मीटरचा मनोरा उभारून २०२२ मध्ये पूर्ण साखळीची जमिनीवर चाचणी घेतली, जपान गेली कित्येक वर्षं चिकाटीने करतोय. आपल्याकडे उपग्रह सोडायची ताकद आहे, अँटेनाचं ज्ञान आहे, आणि विषुववृत्ताजवळचा देश म्हणून झोत जवळपास सरळ खाली येतो. आपण निदान रेक्टेनावर काम करायला हवं. ते काम जमिनीवरचं आहे, त्याला रॉकेट लागत नाही.

टप्पा_चार | मंगळवार, सकाळी ७:०५

झोत सरकवण्याचं पटलं. मग विचारतो: संध्याकाळी सातला झोत कुणाकडे हे कोण ठरवणार? आमचा निरोप कळव्याहून यायचा, तो राज्याचाच होता. त्यावरही कुणाला आधी आणि कुणाला नंतर यावरून ताणाताणी असायचीच. वरच्या झोताचं कळवा कुठल्या देशात असेल?

शिवसागर | मंगळवार, सकाळी ९:३०

काकांनी अगदी माझ्या मनातलं विचारलं. जमीन आमची, कुंपण आमच्या गावाला, आणि झोत ऐन वेळी जास्त पैसे देणाऱ्याकडे वळला तर? जमीन संपादन न करता भाड्याने घ्यावी, जाळीखाली पीक घ्यायचा हक्क मूळ मालकाकडेच राहावा, मेंढपाळांची वाट ठेवावी, आणि इथल्या रेक्टेनाला संध्याकाळचे किती तास पक्के, हे करारात आधी लिहावं. नंतर दिलेल्या शब्दावर माझ्या घरातलं कुणी विश्वास ठेवणार नाही.

वारणाकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

काका, ताई, आज याचा नियम नाही. कंप्रता आणि कक्षेतल्या जागा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेमार्फत ठरतात, १९६७ चा अवकाश करार कोणत्याही देशाला अवकाशावर मालकी सांगू देत नाही. पण वरून येणाऱ्या विजेचं वाटप कसं करायचं, यावर त्यांत काही नाही. म्हणजे ते करारातच बांधावं लागणार, आणि ज्यांच्या जमिनीवर जाळी पडणार ते त्या टेबलाशी हवेत. ताईंच्या चारही अटी मला योग्य वाटतात. मी त्यात पाचवी घालतो: कुंपणाच्या कडेची तीव्रता मोजणारी यंत्रं ग्रामपंचायतीच्या ताब्यात असावीत आणि आकडा चावडीवर चोवीस तास दिसावा.

मिरजेची_स्नेहल | मंगळवार, संध्याकाळी ६:००

सर, प्रोजेक्टसाठी विषय नक्की केला, रेक्टेनाच. सोळा अँटेनांची पाटी करायची आहे. पण २.४५ घेऊ की ५.८?

वारणाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

५.८ ला पाटी लहान होते आणि वरचा झोतही निम्म्याहून अरुंद होतो, म्हणून बरेच नवे आराखडे तिकडे झुकलेत. पण डायोडची धारिता तिथे जास्त छळते आणि कार्यक्षमता पडते. तू २.४५ वर सुरुवात कर. एकाच अँटेनाची कार्यक्षमता आधी नीट मोज, वेगवेगळ्या भारावर मोज, मग सोळा जोड. जोडताना सगळ्या एकसर करू नकोस. एक कमी पडली की पूर्ण माळ खाली ओढते, म्हणून चार-चारचे गट करून पाहा. मोजमापं आली की याच धाग्यावर टाक.